तुम्ही विचारा : नावात ‘सायन’ आलं म्हणजे विषच का?

गेल्या अंकात उपवासाच्या पदार्थांवर लिहिताना मी ओघात एक वाक्य लिहून गेले, की साबुदाणा ज्या कंदापासून करतात त्या कंदात सायनाइड सुटू शकेल असा पदार्थ असतो. तो पुढे कसा निघून जातो हे लिहायला जागा उरली नाही, चूक माझीच. त्या एका वाक्यावर बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, अथणी, सगळीकडून पत्रं आणि व्हॉइस मेसेज आले, आणि नुसते साबुदाण्याचे नाहीत, ज्याच्या घरात, दुकानात, गोठ्यात ‘सायन’ असलेला कुठलाही शब्द होता त्यानं तो विचारलाय. म्हणून ह्या वेळचा अख्खा कॉलम त्यावरच. नावं कुणाचीच छापत नाही, बऱ्याच जणांनी तशी विनंती केलीय.

साबुदाण्याचं आधी संपवते. टॅपिओका म्हणजे कसावाच्या कच्च्या कंदात लिनामारिन नावाचा पदार्थ असतो. कंद किसला, कुटला की त्याच कंदातलं एक एन्झाइम त्याच्यावर काम करतं आणि हायड्रोजन सायनाइड सुटतं. पण साबुदाणा करताना तो कंद कुटून, पाण्यात धुवून धुवून त्यातला फक्त स्टार्च खाली बसवून घेतात, मग गोळ्या करून भाजतात, वाळवतात. लिनामारिन पाण्याबरोबर जातं, सुटलेला गॅस हवेत जातो. हातात येतो तो जवळपास नुसता स्टार्च. खिचडी बिनघोर खा. आफ्रिकेत दुष्काळाच्या दिवसात लोक कडू जातीचा कसावा पुरेसा न भिजवता न वाळवता खातात तेव्हा पाय लुळे करणारा कोंझो नावाचा आजार होतो, ते खरं आहे, पण आपल्या साबुदाण्याचा त्याच्याशी संबंध नाही.

आता पत्रं.

“ताई, माझ्या भाचीला दवाखान्यात मुलगा झाला. पहिल्या दिवशी बाळाच्या फाईलवर ‘पेरिफेरल सायनोसिस’ असं लिवलेलं. तिच्या दिरानं मोबाईलवर सायनो म्हणून बघितलं तर सगळं सायनाइडच आलं. झालं, सासूबाई म्हणाय लागल्या बाळंतिणीला दिलेल्या औषधातनं विष गेलंय. भाची रडून रडून अर्धी झाली. बाळ आता बरं हाय, घरी आलंय, दूध पितंय, पण सासूबाईंच्या मनातलं काय जाईना. त्यांना काय सांगू?” (खानापूर तालुका)

ताई, सासूबाईंना शेजारी बसवून हे वाचून दाखवा. सायनोसिस म्हणजे निळेपणा, एवढंच. ग्रीक भाषेत ‘क्यानोस’ म्हणजे गडद निळा रंग, त्यावरनं हा शब्द आलाय. फ्लेक्स छापणाऱ्याकडे जाऊन बघा, मशीनला चार शाईचे डबे असतात, त्यातल्या निळ्याला तो ‘सायन’च म्हणतो. तोच हा शब्द. विषाचा काही संबंध नाही.

रक्तातल्या हिमोग्लोबिननं ऑक्सिजन धरलेला असला की रक्त लालभडक दिसतं, सोडला की काळपट होतं. असं ऑक्सिजन सोडलेलं हिमोग्लोबिन १०० मिलिलिटर रक्तात साधारण ५ ग्रॅमच्या वर गेलं की कातडी निळसर दिसायला लागते. नुकत्याच जन्मलेल्या बाळाच्या हातापायाला रक्त जरा हळू पोचतं, गारवा लागला की अजून हळू, म्हणून तळवे नि तळपाय पहिल्या एकदोन दिवसात निळसर दिसतात, पेरिफेरल म्हणजे कडेकडेचं. हे बऱ्याच बाळांत दिसतं आणि आपोआप जातं. डॉक्टरांनी लिहून ठेवलं कारण लिहून ठेवणं त्यांचं कामच आहे. काळजी करायची ती ओठ, जीभ, हिरड्या निळ्या दिसल्या तर, त्याला सेंट्रल सायनोसिस म्हणतात आणि तसं दिसलं तर एक मिनिट न थांबता दवाखाना गाठायचा, ते हृदयाचं किंवा फुप्फुसाचं असू शकतं.

आणि एक गोष्ट मुद्दाम सांगते, म्हणजे सासूबाईंची शंका मुळातनं जाईल. सायनाइडची विषबाधा झालेला माणूस सुरुवातीला निळा पडत नाही, उलट त्याचं शिरेतलं रक्तसुद्धा लालभडक राहतं. सायनाइड पेशीच्या आतल्या सायटोक्रोम ऑक्सिडेज नावाच्या एन्झाइमला जाऊन चिकटतं, तिथल्या लोखंडाला. रक्त ऑक्सिजन घेऊन दारात उभं असतं पण पेशीला तो वापरताच येत नाही, म्हणून ऑक्सिजन तसाच रक्तात परत जातो. म्हणजे सायनोसिस आणि सायनाइड ह्यांचा रंगसुद्धा उलटा. भाचीला सांगा, तिच्या बाळाला कुणी काही दिलेलं नाही.

“मॅडम, मी ६८ वर्षांचा, शुद्ध शाकाहारी, टिळकवाडीत राहतो. बी१२ कमी निघालं म्हणून डॉक्टरांनी इंजेक्शनं दिलीत. बाटलीवर बारीक अक्षरात ‘सायनोकोबालामिन’. एकदा दिसल्यावर आता ते टोचून घ्यायला मन होईना. पाच पैकी दोनच घेतली.”

काका, उरलेली तीन घ्या. तुमच्या बाटलीतल्या त्या शब्दात खरंच सायनाइडचाच गट आहे, ते मी नाकारत नाही, एक कार्बन आणि एक नायट्रोजन. पण तो बी१२च्या मधोमध बसलेल्या कोबाल्टला घट्ट धरलेला आहे. शिवाय किती आहे ते बघा, बी१२चा रेणू एवढा अवजड की १००० मायक्रोग्रॅमच्या इंजेक्शनात हा सायनो भाग भरतो साधारण २० मायक्रोग्रॅम, म्हणजे एका ग्रॅमचे दहा लाख भाग केले तर त्यातले वीस. शरीर तो सहज निकालात काढतं, त्याची सोय निसर्गानं आपल्या लिव्हरमध्ये करून ठेवलीय, ते पुढे निपाणीच्या पत्रात येईल.

ह्या पूर्ण कॉलमात मला सांगायचंय ते इथंच सांगते. सायनाइड म्हणजे कार्बन-नायट्रोजनची ती जोडी, आम्ही केमिस्ट्रीवाले तिला सीएन म्हणतो. दावणीला बांधलेला बैल आणि दावं तोडून सुटलेला बैल, बैल तोच. नावात सीएन आहे का हे बघून काही कळत नाही, तो बांधलेला आहे की सुटा, आणि बांधलेला असला तर कशानं सुटतो, हे बघायचं. तीस वर्षं शिकवताना मी पोरांना हाच प्रश्न विचारत आले.

आणि काका, तुमच्या बी१२ची गंमत नाही, फार सुंदर गोष्ट आहे. हायड्रॉक्सोकोबालामिन नावाचं बी१२चंच एक रूप आहे, त्यात सायनोच्या जागी दुसरा गट असतो. सायनाइड अंगात गेलेल्या माणसाला, घराला आग लागून धुरात सापडलेल्यालासुद्धा, हे हायड्रॉक्सोकोबालामिन शिरेतून देतात, ५ ग्रॅम, म्हणजे तुमच्या इंजेक्शनच्या पाच हजार पट. ते रक्तात फिरत फिरत सुटं सायनाइड पकडतं, कोबाल्टला बांधून घेतं, आणि काय तयार होतं? सायनोकोबालामिन. म्हणजे तुमच्या बाटलीतलंच औषध. मग ते लघवीतनं निघून जातं, पेशंटची लघवी, कातडी काही दिवस लाल दिसते. ज्या रेणूला तुम्ही घाबरलात तो बैल बांधून ठेवणारा खुंटा आहे. फक्त एक, ज्यांच्या घराण्यात लेबर नावाचा डोळ्याच्या नसेचा आनुवंशिक आजार आहे त्यांनी डॉक्टरांना तसं आधी सांगायचं, त्यांना सायनोकोबालामिन देत नाहीत.

मिठाचा पुडा, फेव्हिक्विक आणि आमसूल, ह्या तिघांबद्दल मिळून अकरा जणांनी विचारलंय, तिघांची उत्तरं एकत्र देते.

मिठाच्या पुड्यावर ‘अँटिकेकिंग एजंट ५३६’ असतं, ते पोटॅशियम फेरोसायनाइड. मीठ पावसाळ्यात ढेकळं होऊ नये म्हणून घालतात. ह्यात लोखंडाच्या एका अणूनं सहा सीएन धरलेत आणि ती पकड इतकी पक्की की पोटातल्या ॲसिडनं किंवा भाजीच्या उकळीनं सुटत नाही. कोडेक्स ह्या खाद्यपदार्थांच्या आंतरराष्ट्रीय नियमावलीतली मर्यादा किलोला १४ मिलिग्रॅम आहे. मिठानं घाबरायचं असेल तर बीपीसाठी घाबरा, ५३६साठी नको. चिकोडीच्या एका वहिनींनी लिहिलंय की त्यांनी तीन किलो मीठ बांधाला नेऊन ओतलं, वहिनी, जमिनीचं नुकसान झालं हो.

फेव्हिक्विक म्हणजे सायनोॲक्रिलेट. इथं सीएन कार्बनच्या साखळीचाच भाग आहे, सुटत नाही, आणि ह्याच कुळातला गोंद डॉक्टर जखम चिकटवायलाही वापरतात. बोटं चिकटली तर ओढाताण करू नका, कोमट साबणाच्या पाण्यात ठेवून हळू सोडवा. डोळ्यात गेलं तर मात्र थेट डोळ्याच्या डॉक्टरकडे. कापसावर, सुती कापडावर सांडू देऊ नका, ते जोरात तापतं आणि भाजतं.

आमसूल, म्हणजे कोकम. कुणीतरी लेबलवर ‘सायनिडिन’ वाचलं. हा फक्त रंग आहे, कोकमाचा लालजांभळा रंग ह्या सायनिडिनचाच, जांभळात, लाल कोबीत हेच कुटुंब आहे. ह्यात नायट्रोजनच नाही, मग सीएन कुठून येणार? निळ्यावरनं पडलेलं नाव. खानापूरकडची सोलकढी पीत राहा.

त्याच भागातनं बांबूच्या कोंबांबद्दल एकानं विचारलंय, वास्ते म्हणतात काही घरात, कोंकणी माणसं कीर्ल म्हणतात. तिथं मात्र विचारलंत ते बरोबर विचारलंत. कच्च्या कोंबात टॅक्सिफायलिन असतं आणि त्यातनं सायनाइड सुटतं. आपल्या आज्ज्या कोंब बारीक चिरून रात्रभर पाण्यात ठेवायच्या, ते पाणी फेकायच्या, मग झाकण न घालता उकळायच्या, त्यातलं एकही पाऊल फुकटचं नव्हतं. आता यूट्यूबवर बघून कुणी कच्चे सॅलडमध्ये घालत असेल तर नका घालू.

“मॅडम, मी डीएमएलटीला (लॅब टेक्निशियनच्या कोर्सला) आहे, बेळगावात. हिमोग्लोबिनच्या प्रॅक्टिकलला ड्रॅबकिन सोल्यूशन वापरतो. फेरो, फेरी, सायनेट, थायोसायनेट, नायट्राइल, सगळं डोक्यात एकमेकात मिसळलंय. व्हायव्हाला विचारतात. सोपं करून सांगा ना.”

बाळ, सुरुवात रंगापासनं कर म्हणजे विसरणार नाहीस. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला बर्लिनमध्ये एक गडद निळा रंग सापडला, प्रशियन ब्लू. १७८२ साली शील नावाच्या स्वीडनमधल्या केमिस्टनं ह्या निळ्या रंगापासनं एक ॲसिड काढलं, म्हणून त्याला प्रुसिक ॲसिड म्हणायला लागले, आजही गुरांच्या डॉक्टरांच्या पुस्तकात हाच शब्द भेटतो. १८१५ला गे-ल्युसॅकनं त्यातल्या सीएनला नाव दिलं सायनोजेन, निळं करणारा. म्हणजे आधी रंग, मग त्या रंगावरनं विषाचं नाव. लोक उलटं समजतात आणि तिथनंच सगळी भीती सुरू होते.

फेरो आणि फेरी दोन्हीत लोखंडाभोवती सहा सीएन, फरक लोखंडाच्या चार्जचा, फेरोत दोन, फेरीत तीन. पोटॅशियम फेरोसायनाइडचे खडे पिवळे, फेरीसायनाइडचे लाल. फेरोसायनाइडला तीनचं लोखंड किंवा फेरीसायनाइडला दोनचं लोखंड भेटलं की प्रशियन ब्लू. पॅथॉलॉजीवाले टिश्यूतलं लोखंड बघायला जो निळा स्टेन करतात तो हाच. जुन्या इंजिनियर लोकांची ब्लूप्रिंट तीही हीच, हर्शेलनं १८४२ला काढलेली. आणि थॅलियमची विषबाधा झाली तर हाच प्रशियन ब्लू औषध म्हणून गिळायला देतात, तो आतड्यात थॅलियम धरून ठेवतो.

तुझ्या ड्रॅबकिनमध्ये दोन गोष्टी आहेत, पोटॅशियम फेरीसायनाइड आणि पोटॅशियम सायनाइड. पहिली हिमोग्लोबिनमधलं लोखंड दोनचं तीन करते, मेथहिमोग्लोबिन होतं. दुसरीतलं सीएन त्याला जाऊन चिकटतं, सायनमेथहिमोग्लोबिन होतं, आणि ते तू ५४० नॅनोमीटरला वाचतेस. आता लक्षात घे, ह्यातलं फेरीसायनाइड बांधलेलं आणि पोटॅशियम सायनाइड सुटं. प्रमाण अगदी थोडं असतं, तरीही तोंडानं पिपेट ओढायचं नाही, कधीच नाही, आणि उरलेलं सोल्यूशन ॲसिड ओतलेल्या सिंकमध्ये टाकायचं नाही. ॲसिड लागलं की सुट्या सायनाइडचा गॅस होतो. मी शिकवत होते त्या काळात एका लॅबमध्ये सगळ्या टेबलांचं वेस्ट एकाच प्लॅस्टिकच्या बादलीत ओतायची पद्धत होती, मी पहिल्या दिवशी ती बादली बघितली आणि माझे हात गार पडले. काही झालं नव्हतं, पण होऊ शकलं असतं. तुझ्या लॅबमध्ये वेगळा, झाकणाचा, नाव लिहिलेला कॅन नसेल तर सरांना सांग, विचारायला लाजू नकोस. बऱ्याच लॅब आता सायनाइड नसलेलं रिएजंट वापरतात, तेही विचार.

सायनेट म्हणजे सीएनला ऑक्सिजन जोडलेला. १८२८ला व्होलरनं अमोनियम सायनेट तापवलं आणि युरिया मिळाला, जो आपण आज उसाला पोत्यानं टाकतो. आयसोसायनेट म्हणजे तेच अणू पण जोडणी वेगळी, २ आणि ३ डिसेंबर १९८४च्या रात्री भोपाळला सुटला तो मिथाइल आयसोसायनेट. त्याला पुष्कळ जण सायनाइड म्हणतात पण त्यानं फुप्फुसं आणि डोळे जाळले, त्याचं काम वेगळं. गाड्यांना स्प्रे पेंट मारणाऱ्यांच्या हार्डनरमध्ये दुसरे आयसोसायनेट असतात, त्यानं दमा होतो, म्हणून त्या पोरांना मास्क लागतोच. थायो म्हणजे गंधक, थायोसायनेट म्हणजे सीएनला गंधक जोडलेला. नायट्राइल म्हणजे सीएन कार्बनला जोडलेला, तुझे निळे ग्लोव्हज नायट्राइल रबरचे, त्यातनं काही सुटत नाही. पण सगळे नायट्राइल गरीब नाहीत, ॲसिटोनायट्राइल नावाचं सॉल्व्हंट पोटात गेलं तर लिव्हर ते फोडतं आणि काही तासांनी सायनाइड बाहेर येतं, पेशंट आधी ठीक दिसतो आणि मग बिघडतो. ॲक्रिलिकचं स्वेटर अंगावर निरुपद्रवी, पेटलं की धुरात हायड्रोजन सायनाइड. म्हणजे परत तोच प्रश्न, कशानं सुटतो. आयसीयूत बीपी उतरवायला देतात ते नायट्रोप्रुसाइड, ह्याच्या नावात ‘प्रुस’ दिसला का? त्यात पाच सीएन असतात आणि ते शरीरात सुटतात, म्हणून डॉक्टर डोस आणि वेळ दोन्हीवर लक्ष ठेवतात.

“निपाणीत आमचं घर तीन पिढ्या तंबाखूत. पोरगा कॉलेजातनं ऐकून आला, तंबाखूत सायनाइड असतंय म्हणून. आई चाळीस वर्षं पाला निवडूलीय, तिला काय झालं नाही. खरं काय?”

दादा, दोघंही आपापल्या जागी बरोबर. हायड्रोजन सायनाइड तयार होतं ते तंबाखू जळताना, धुरात. वाळलेल्या पानात नाही. आईंना पाला हाताळताना त्रास होतो तो निकोटीनचा आणि धुळीचा, चक्कर, मळमळ, खोकला, त्यासाठी तोंडाला कापड आणि खाण्याआधी हात धुणं हवंच.

विडी ओढणाऱ्याच्या अंगात रोज थोडं थोडं सायनाइड जातं. लिव्हरमधलं रोडनेज नावाचं एन्झाइम त्याला गंधक जोडून थायोसायनेट करतं, आणि ते लघवीतनं जातं. म्हणूनच सायनाइडच्या पेशंटला सोडियम थायोसल्फेट देतात, रोडनेजला गंधक पुरवायला. पण थायोसायनेटही अगदी साधुसंत नाही, ते थायरॉइडला आयोडीन घ्यायला अडवतं. तुमच्या पत्रात शेवटी वडिलांच्या नजरेचं लिहिलंय, धूसर दिसतंय, लाल-हिरवा रंग ओळखेना. मोतीबिंदू असेल म्हणून थांबू नका, खूप वर्षं विडी आणि खाणंपिणं कमी असलेल्यांची डोळ्याची नस सुकत जाते, वेळेत विडी सोडली आणि बी१२ मिळालं तर नजर परत येऊ शकते. ह्याच आठवड्यात न्या.

“बाई, औंदा पाऊस लांबला. खोडव्याचा जोंधळा गुडघ्याला पण नाही, आणि कडबा संपलाय. शेजारी म्हणतो किराळ लागंल, घालू नको. हिरवागार चारा डोळ्यापुढं आणि जनावरं उपाशी. खरंच सायनाइड असतंय काय ह्यात?” (अथणी तालुका)

असतंय दादा, त्याचीच बाधा म्हणजे किराळ. घालू नका. शेजारी खरं बोलतोय.

मी आठ-नऊ वर्षांची होते, आमच्या आजोळी तांबू नावाची गाय होती. पाऊस बरेच दिवस ओढ देऊन मग दोन दिवस पडला होता आणि कापलेल्या जोंधळ्याच्या बुडख्यांना पोपटी पोंगे फुटलेले. तांबू दावं सोडवून त्यात शिरली. मामा तिला हाकलून आणेपर्यंत पाव तास सुद्धा झाला नसेल. गोठ्याच्या दारात ती थांबली, पाय फाकवले, मान लांब केली, तोंडानं श्वास घ्यायला लागली, अंगावरची कातडी थरथरत होती, मग पुढच्या गुडघ्यांवर बसली. मामानं तिच्या डोळ्याची पापणी खाली ओढून बघितली, आतलं लालबुंद होतं, कुंकवासारखं. तालुक्याचा डॉक्टर सायकलवर येईस्तोवर सगळं संपलं होतं. आजी म्हणाली किराळ लागलं. पुढे एमएस्सीला धुरिन हा शब्द फळ्यावर बघितला तेव्हा माझ्या डोळ्यापुढे तांबूची लांब केलेली मान आली.

ते धुरिन कोवळ्या जोंधळ्यात असतं. पान शाबूत असतं तोवर ते आणि त्याला फोडणारं एन्झाइम वेगवेगळ्या कप्प्यात असतात. जनावरानं चावलं की दोन्ही एकत्र येतात, वर गाईम्हशीच्या पोटातले जंतू ते अजून भराभर फोडतात, म्हणून रवंथ करणाऱ्या जनावरांना घात जास्त. पाण्याचा ताण पडलेलं पीक, ताणानंतर पाऊस पडून फुटलेले पोंगे, खोडवा, युरिया जास्त दिलेलं पीक, ह्या सगळ्यात धुरिन वाढतं. तुमच्या शेतात ह्यातल्या दोन गोष्टी आजच आहेत.

पीक फुलोऱ्यात येऊ दे, तोवर हिरवं कापून घालू नका, चरायला तर मुळीच सोडू नका. कापून उन्हात चांगलं वाळवलं की गॅस उडून जातो, म्हणून कडब्यानं किराळ लागत नाही. तोवर उसाचं वाडं, मक्याचा चारा, जे मिळेल ते. आणि तरी जनावरानं खाल्लंच, धाप लागली, थरथरलं, तर घरगुती उपाय करत बसू नका, १९६२ ह्या जनावरांच्या हेल्पलाइन नंबरवर फोन लावा, ओळखीच्या जनावरांच्या डॉक्टरला लावा आणि पहिलं वाक्य हेच सांगा, ‘कोवळा जोंधळा खाल्लाय’. शिरेतून द्यायचं औषध आहे, तेच थायोसल्फेट आणि नायट्राइट, वेळेत मिळालं तर जनावर उभं राहतं. बाकीची जनावरं आधी त्या वावरातनं बाहेर काढा.

“आत्याला कॅन्सर आहे. कुणीतरी ‘व्हिटॅमिन बी१७’ म्हणून जर्दाळूच्या बियांचं पाकीट ऑनलाइन मागवून दिलंय, रोज दहा खायच्या. हॉस्पिटलचं औषध सोडून हेच करूया म्हणतायत. निसर्गाचं आहे ना, मग काय बिघडतंय?”

बिघडतंय. बी१७ नावाचं व्हिटॅमिनच नाही. ते अमिग्डॅलिन, किंवा त्याच्यापासनं केलेलं लेट्राइल, कडू बदामात असतं तेच. व्हिटॅमिन म्हणजे जे नसलं तर आजार होतो, अमिग्डॅलिन नसल्यानं कुणालाही काही होत नाही. ते पोटात फुटलं की सायनाइड सुटतं, आणि ते कॅन्सरची पेशी आणि चांगली पेशी असा भेद करत नाही. अमेरिकेत कॅन्सरच्या १७८ पेशंटना हे देऊन बघितलं, १९८२ला निष्कर्ष छापून आले, कुणाचा कॅन्सर बरा झाला नाही आणि काहींच्या रक्तात सायनाइड धोक्याच्या पातळीला गेलं. आत्यांना ओरडू नका, त्या घाबरल्यात म्हणून हे करतायत. पाकीट घेऊन त्यांच्याबरोबर डॉक्टरांकडे जा, आतापर्यंत किती खाल्ल्या ते खरं सांगा, आणि केमोचा त्रास होतोय का, उलट्या होतायत का, ते विचारा, बऱ्याचदा औषध सोडावंसं वाटण्यामागं तेच असतं आणि त्यावर इलाज असतो.

“ताई, मी शहापुरात सोन्याच्या पॉलिशच्या दुकानात आहे, वय २२. प्लेटिंगच्या डब्यात टाकायची पांढरी पूड येते, सगळे गोल्ड सॉल्ट म्हणतात. बाटलीवर ६८ टक्के आणि खाली सायनाइड लिहिलंय. मालक म्हणतात ते नुसतं नाव आहे, सोन्याचं मीठ आहे, काय होत नाही. आम्ही तिथंच डबा खातो.”

भावा, आजपासून तिथं डबा खाऊ नकोस. वरच्या बऱ्याच पत्रांत मी घाबरू नका म्हणाले, तुला तसं म्हणणार नाही.

ते पोटॅशियम गोल्ड सायनाइड आहे, ६८ टक्के म्हणजे त्यात सोनं तेवढं. सोनं सहजासहजी कशात विरघळत नाही, सायनाइडमध्ये विरघळतं, म्हणून १८८७ पासून खाणीतसुद्धा हीच पद्धत आली. कोलारची खाण २००१ला बंद झाली, तिथं सोनं काढून उरलेल्या गाळाचे डोंगर अजून उभे आहेत, लोक त्यांना सायनाइड डंपच म्हणतात. तुझ्या बाथमध्ये, म्हणजे प्लेटिंगच्या डब्यातल्या पाण्यात, सोन्यानं धरलेलं सायनाइड आहेच, वर पुष्कळदा सुटं पोटॅशियम सायनाइडही घातलेलं असतं. उद्यमबागेत लोखंडाच्या पार्टना कडकपणा आणायला सायनाइडचा वितळलेला बाथ वापरायची पद्धत होती, तिथले जुने कारागीर त्याला कसे जपून असायचे ते विचार.

ॲसिडची बाटली, ज्यानं दागिना आधी साफ करता ती, त्या बाथच्या टेबलावर नको, वेगळ्या खोलीत. दोन्ही एका बादलीत, एका मोरीत जाता कामा नये. ग्लोव्हज, चष्मा, बाहेर हवा फेकणारा पंखा. हाताला चीर असेल त्या दिवशी काम नको, कातडीतनंही जातं. कडू बदामाचा वास येईल मग कळेल असं कुणी म्हणालं तर ऐकू नको, पुष्कळ लोकांना तो वास येतच नाही. कुणी अचानक कोसळलं तर आधी स्वतः बाहेर हो, हवा खेळती कर, १०८ लाव, तोंडाला तोंड लावून श्वास देऊ नको, आणि डॉक्टरला ‘गोल्ड सॉल्ट’ म्हणू नको, ‘सायनाइड’ म्हण. त्या एका शब्दानं त्यांना कळतं कुठलं औषध काढायचं.

हे पान कापून मालकांना दाखव, माझं नाव सांग. आणि संध्याकाळी जायच्या आधी त्या डब्यावर, बाथवर, कपाटावर मार्करनं मोठ्या अक्षरात ‘विष’ लिही, तुझ्याबरोबर कन्नड बोलणारी पोरं असतील तर एकदा देवनागरीत आणि एकदा कन्नड लिपीत. शब्द दोन्हीकडे तोच आहे.